चिंचवडहून एका दिवसात लेणी आणि लोणावळा, सोबत आई-बाबा आणि एक गुडघा

चिंचवडची_लेक

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आई-बाबा लातूरहून येतायत, आठ दिवस राहणार आहेत. त्यातला एक दिवस लेणी आणि थंड हवेचं ठिकाण असं दोन्ही दाखवायचं ठरलंय. अडचणी सांगते.

बाबा एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झाले. सरकारी गाडी जात असताना टॅक्सी करणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. मागच्या वेळी आम्ही कॅब बोलावली तर ते ड्रायव्हरला अर्धा रस्ता विचारत होते, "एका फेरीचे किती सुटतात?" तेव्हा प्रवास लोकलने.

आईचा उजवा गुडघा. जिना चढते, पण एकेक पायरी आणि कठडा धरून. "मी खाली बसते, तुम्ही जाऊन या" हे तिचं ठरलेलं वाक्य आहे आणि मला नेमकं तेच नकोय.

भाचा पाचवीत आहे. त्याला लेण्यांपेक्षा माकडं बघायची आहेत.

नवऱ्याने कागदावर आखलेला कार्यक्रम: कार्ला, भाजे, लोहगड, भुशी डॅम, टायगर पॉइंट, येताना चिक्की. एका दिवसात. लोकलने. मी अजून काही बोललेले नाही.

कार्ला की भाजे? रविवारी जावं की मधल्या वारी? आणि लोणावळ्यात नेमकं काय बघायचं? मी बारा वर्षं चिंचवडमध्ये राहते आणि लोणावळ्यात आजवर फक्त ट्रॅफिक बघितलाय.

---

घाटमाथा७७

बाबांना पटवा आणि गाडी करा. लोकल, मग रिक्षा, मग पायऱ्या, मग परत रिक्षा... म्हाताऱ्या माणसांचे हाल होतील.

गाडी असेल तर माझं मत बेडसे लेणी. कामशेतहून पवनेच्या बाजूला आत जायचं. कार्ल्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढीही गर्दी नसते. दर्शनी भागातले खांब बघा, वर घोड्याहत्तींवर बसलेली जोडपी आहेत. एकेकाचे दागिने मोजता येतात. शेजारचा विहार, म्हणजे भिक्खूंची राहायची जागा, मागच्या बाजूने गोलाकार आणि वरून कमानदार आहे, तसा दुसरीकडे बघायला मिळत नाही. पायऱ्या मात्र चारशेच्या घरात आहेत. आईंचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

---

पेन्सिलवाली

चिंचवडची_लेक, नवऱ्याचा कागद फ्रेम करून ठेवा. माझ्याकडेही एक आहे. २००९ साली सासू-सासरे, नणंद आणि तिची दोन मुलं घेऊन आम्ही भाड्याच्या जीपने हीच यादी केली होती, फक्त टायगर पॉइंट आधी आणि कार्ला शेवटी. कार्ल्याला पोचलो तेव्हा रखवालदार शिट्टी मारत सगळ्यांना बाहेर काढत होता. त्या एवढ्या मोठ्या चैत्यात, म्हणजे स्तूपाच्या प्रार्थना-दालनात, मला अकरा मिनिटं मिळाली, त्यातली चार नणंदेच्या मुलाची चप्पल शोधण्यात गेली. सासूबाईंना आजही त्या सहलीतलं फक्त भाजलेलं कणीस आठवतं. आणि त्यावर लिंबू नव्हतं हेही.

तेव्हापासून मी एकेक लेणं एकेका दिवशी बघते. चित्रं काढायला जाते, त्यामुळे एका जागी दोन-तीन तास बसणं होतं. त्यातून एक गोष्ट कळली, ती कुठल्याही पाटीवर लिहिलेली नाही: लेण्याचं तोंड कुठे आहे ते बघून वेळ ठरवायची. बेडशाचं तोंड पूर्वेला. तिथे सकाळी जायचं, दुपारी बारानंतर आत नुसता अंधार. कार्ला आणि भाजे यांची तोंडं पश्चिमेला. लोक सकाळी लवकर उठून, आंघोळी करून, साडेनऊला कार्ल्यात पोचतात आणि सगळं काळंकाळं बघून मोबाईलचा टॉर्च लावतात. तेच दुपारी तीननंतर जा. डिसेंबरात ऊन तिरपं येतं, पिंपळपानाच्या आकाराच्या कमानीतून आत उतरतं आणि खांबांच्या कडा एकेक करून उजळायला लागतात. सकाळी जो खांब तुम्हाला गोल वाटला होता तो अष्टकोनी आहे हे तेव्हा दिसतं.

आता कार्ला की भाजे.

कार्ला भव्य आहे यात वादच नाही. भारतात डोंगरात खोदलेलं सर्वांत मोठं चैत्यगृह तेच. १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद, आत ३७ खांब. पडवीतच शिलालेख आहे. वैजयंती नगरीच्या भूतपाल नावाच्या शेठजींनी हे शैलगृह पुरं करवलं आणि जंबुद्वीपात हे उत्तम आहे, असं त्यात म्हटलंय. दोन हजार वर्षांपूर्वीचा बिल्डर, पण जाहिरात खरी! आतल्या खांबांवर देणगीदारांची नावं आहेत, त्यात धेनुकाकट गावचे यवन, म्हणजे ग्रीकसुद्धा आहेत. छताच्या सागवानी फासळ्या मूळच्या. स्तूपावरची लाकडी छत्रीसुद्धा.

पण त्याच अंगणात एकवीरा आईचं देऊळ आहे. चैत्यासमोर डाव्या हाताला सिंहस्तंभ उभा आहे, त्याचा जोडीदार जिथे असायला हवा तिथे देऊळ. कोळी बांधवांची कुलदेवता, रविवारी रायगड-मुंबईहून बसच्या बस येतात. ढोल, गुलाल, कोंबडे. मला ती गर्दी आवडते, खोटं कशाला बोलू. पण गुडघा दुखणाऱ्या माणसाला त्या पायऱ्यांवर मागून ढकलत नेणं मला जमलं नसतं. आणि पायऱ्याही जास्त.

म्हणून तुमच्यासाठी भाजे. तेही मधल्या वारी.

भाजे कार्ल्याच्या आधीचं, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. एकूण २२ लेणी. चैत्याची पुढची भिंत लाकडी होती, ती कधीच गेली, त्यामुळे खालून चढताना शेवटच्या वळणावर अख्खी कमान एकदम समोर येते आणि आतला स्तूप बाहेरूनच दिसतो. आईंना आत जाऊन अंधारात चाचपडायला नको. जमिनीवर आणि कडेला नीट बघा, लाकूड बसवायच्या खोबण्या अजून आहेत.

आणि खांब बघा. भाज्याचे खांब सरळ नाहीत, आत झुकलेले आहेत. पहिल्यांदा मी ते काढले तेव्हा वाटलं माझीच पट्टी चुकतेय. तीन वेळा खोडलं. मग कळलं की खोदणारे लाकडी घरांची नक्कल करत होते. लाकडी घरात छताचा भार बाहेर ढकलतो म्हणून खांब आतल्या बाजूला कलते रोवायचे. दगडात त्याची काहीच गरज नाही, सगळा डोंगर एकसंध आहे. तरी हात सवयीने वळला. छतालाही लाकडी फासळ्या बसवल्या आहेत, त्या काहीच पेलत नाहीत. कार्ल्याला पोचेपर्यंत खांब ताठ झाले. तेवढ्या मधल्या काळात पाथरवटांचा दगडावर विश्वास बसला असावा, असं आपलं मला वाटतं.

चैत्याकडे तोंड करून उजवीकडे चालत गेलात की १४ स्तूपांचा गट लागतो. काही आत, काही बाहेर. ती तिथल्या थेरांची, म्हणजे वडीलधाऱ्या भिक्खूंची स्मारकं. धम्मगिरी, संघदिन अशी नावं कोरली आहेत. मी नेहमी तिथे डबा खायला बसायचे, नंतर नावं वाचली आणि जागा बदलली. एका पाण्याच्या टाक्यावर लेख आहे: महारठी कोसिकीपुत्र विण्हुदत्त याने दिलेली पोढी. पोढी म्हणजे टाकं. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी पाणपोई घातली, पाटी लावली, पाटी अजून आहे. त्याच बाजूला टोकाच्या विहारात दोन मोठी शिल्पं आहेत: चार घोड्यांच्या रथातला सूर्य, आणि हत्तीवरचा इंद्र. हत्तीने सोंडेत झाड उपटून धरलंय. भाच्याला तो हत्ती दाखवा, माकडं विसरेल. तिथेच एक बाई जोडीच्या चामडी वाद्यावर थाप मारतेय, लोक तिला तबलेवाली म्हणतात.

पायऱ्या दीडशे-दोनशेच्या दरम्यान धरा, बांधीव आहेत. आईंना घाई करू नका. मध्ये बसायला जागा आहे. तिकीट माणशी २५ रुपये, १५ वर्षांखालच्यांना नाही. भाचा फुकट, बाबांना हे आधी सांगा.

आता थंड हवा. जरा स्पष्ट बोलते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, लोणावळा ६२४ च्या आसपास. म्हणजे तुम्ही चिंचवडहून निघून जेमतेम वीस मजली इमारतीएवढे वर जाता. लोणावळा हे मुंबईकरांसाठी थंड हवेचं ठिकाण आहे, घाट चढून ते येतात. आपण मागच्या दाराने सपाटीवरून जातो आणि विचारतो, थंडी कुठाय? लोणावळ्यात बघायची असते ती कडा, जिथे देश संपतो आणि कोकण खाली पडलेलं दिसतं. त्यासाठी खंडाळ्याजवळचा राजमाची पॉइंट पुरे. स्टेशनवरून रिक्षा मिळते, पायऱ्यांचा प्रश्न नाही. भुशी डॅम डिसेंबरात म्हणजे पाणी ओसरलेला बांध, बघण्यासारखं काही नसतं. पावसाळ्यात तर मी कुणाला पाठवतच नाही. ३० जून २०२४ ला धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, तेव्हापासून ते नाव घेतलं तरी पोटात कालवतं. आणि महाबळेश्वर कुणी सुचवलंच तर ऐकू नका, ते सव्वाशे किलोमीटर दूर आहे आणि एका दिवसात त्याचा फक्त घाट बघून होतो.

तर असं करा. सकाळची लोकल पकडून थेट लोणावळा. राजमाची पॉइंट, चहा, चिक्की (आत्ताच घ्या, संध्याकाळी रांग असते). मग उलट एक स्टेशन मागे, मळवली. इथेच खरी मेख आहे: दुपारी लोकलमध्ये मोठा खंड पडतो, तास-तास गाडी नसते. आदल्या दिवशी वेळापत्रक बघून लोणावळ्याहून परतीची गाडी आधी ठरवा आणि बाकीचं तिच्याभोवती बसवा. बाबांना हे काम द्या. चौतीस-पस्तीस वर्षं वेळापत्रक जगलेला माणूस आहे.

बाबांसाठी आणखी एक. ही सगळी लेणी इथेच का खोदली, तर हा हमरस्ता होता. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरातून माल घाट चढून वर यायचा. व्यापारी यायचे, भिक्खूंना दान द्यायचे, नाव कोरून घ्यायचे. जुन्नरजवळ नाणेघाटात तर वर पोचल्यावर दगडाचा एक मोठा रांजण आहे, जकातीचा रांजण म्हणतात त्याला. घाट चढून आलेल्याने नाणी त्यात टाकायची आणि पुढे जायचं. कंडक्टर माणसाला याहून जास्त काय सांगायचं!

---

मळवली_स्टॉप

पेन्सिलवाली यांनी सगळं सांगितलंच आहे, गावातला म्हणून दोन-चार गोष्टी.

स्टेशनवरून भाजे गाव दीड-दोन किलोमीटर. एक्स्प्रेसवेच्या पुलावरून रस्ता जातो. शनिवार-रविवारी रिक्षा दारात उभ्या असतात, मधल्या वारी कधीकधी एकही नसते. त्यामुळे उतरल्या उतरल्या जी दिसेल तिला थांबवा, भाडं आधी बोला, आणि परतीला कधी यायचं तेही त्यालाच सांगून ठेवा.

आग्या मोहोळं. कार्ल्याच्या कड्याला असतात, इकडेही असतात. सेंट मारून येऊ नका, उदबत्ती-धूप पेटवू नका, पोरांना दगड मारू देऊ नका. माश्या उठल्या तर पायऱ्यांवरून पळणाऱ्याचे पाय मोडतात, ते आम्हाला उचलायला लागतात.

माकडं आहेत. पिशवी हातात दिसली की संपलं. खाऊ सॅकमध्ये, चेन लावून. भाच्याची हौस फिटेल.

जेवण गावात सांगितलं तर पिठलं-भाकरी करून देतात. चढायच्या आधी सांगून जा, उतरेपर्यंत तयार. स्वच्छतागृहाचं काम स्टेशनजवळच उरकून घ्या.

लोहगडाचं नाव नवऱ्याने काढलंय. २०२५ च्या जुलैत जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून गर्दी वाढलीय. त्यांना एकट्याला वेगळ्या दिवशी पाठवा.

---

घाटमाथा७७

पेन्सिलवाली, तोंड कुठे आहे हे मी पंधरा वर्षांत कधी बघितलं नव्हतं. बेडशाला दोनदा गेलो, दोन्ही वेळा जेवून. फोटो काळे का आले ते आज कळलं. गाडीचं मत मात्र मागे घेत नाही.

---

चिंचवडची_लेक

सगळ्यांचे आभार. नवऱ्याला हा धागा वाचायला दिला. त्याने कागद शांतपणे घडी घालून खिशात ठेवला, फेकला नाही.

एक शंका: आई वर जाऊन दोन तास करणार काय? तिला शिलालेख वगैरेत रस नाही.

---

पेन्सिलवाली

काहीही नाही. तुम्हीच म्हणालात ना, ती खाली बसते. तर इथे वर बसेल. चैत्याच्या समोर मोकळी जागा आहे, समोर डोंगर आणि खाली शेतं. माझ्या सासूबाईंना मी नंतर एकदा एकटीला घेऊन गेले होते. त्या अडीच तास बसून राहिल्या, मध्ये एकदा म्हणाल्या, "इथे झाडायला कोण येत असेल?" परत येताना गाडीत म्हणाल्या, चांगलं होतं. कणसाचा विषय निघाला नाही.

सोबत एक पातळ उशी घ्या. दगड डिसेंबरात गार असतो.

---

चिंचवडची_लेक

मंगळवारी जाऊन आलो. लगेच लिहिते, नाहीतर राहून जाईल.

बाबांनी आदल्या रात्री वहीत लोकलच्या वेळा उतरवून घेतल्या, शेजारी "पर्यायी" असा वेगळा रकाना. राजमाची पॉइंटला धुकट होतं, कोकण काही फार दिसलं नाही. भाचा दहा मिनिटांत कंटाळला. खोटं सांगत नाही, तो भाग ठीकठाकच. चिक्की घेतली. बाबांनी आमची एक वाजताची गाडी सोडून आधीची पकडायला लावली, कारण "शेवटच्या गाडीवर कधी भरवसा ठेवू नये." ती पकडताना माझी दमछाक झाली, आईची नाही. ती आधीच फलाटावर जाऊन बसली होती.

मळवलीला एकच रिक्षा होती. मळवली_स्टॉप, तुमचं ऐकलं म्हणून मिळाली.

पायऱ्यांना आम्हाला पस्तीस मिनिटं लागली. आई चार ठिकाणी बसली. तिसऱ्या ठिकाणी म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी इथेच..." आणि भाचा वरच्या वळणावरून ओरडला, "आज्जी, दिसलं! दिसलं!" मग ती उठली. मी काही बोलले नाही.

खांब खरंच कलते आहेत. बाबांनी एका खांबाला ओळंबा लावून बघितला, म्हणजे माझ्या ओढणीच्या टोकाला किल्ल्यांचा जुडगा बांधून. मग रखवालदाराला बोलावून दाखवला. रखवालदाराने सांगितलं की त्याला माहितीय.

साडेतीनच्या सुमाराला ऊन आत यायला लागलं. आधी जमिनीवर, मग डाव्या ओळीतल्या खांबांवर. आम्ही उशी आईला दिली होती, ती तिने भाच्याखाली सरकवली आणि स्वतः दगडावर पाय लांब करून बसली. भाचा हत्ती काढत होता. (पेन्सिलवाली, तुम्हाला फोटो पाठवते. सोंड पाचव्या पानावर गेलीय.) माकडाने एक केळं नेलं, ते नवऱ्याचं होतं.

विण्हुदत्ताच्या टाक्यापाशी बाबा बराच वेळ उभे होते. पाणी बघितलं, लेख बघितला, मग म्हणाले, "नाव टाकलंय, रक्कम नाही टाकली."

उतरून पिठलं-भाकरी खाल्ली. सव्वासहाच्या आसपास लोकल मिळाली, खिडकी आईला.

आता नवीन प्रश्न, आणि हा माझा नाही. घरी आल्यापासून बाबा नाणेघाटाच्या त्या रांजणावर अडकलेत. जुन्नरला शिवाजीनगरहून एसटी आहे हे त्यांनी स्वतःच शोधलं, त्यामुळे जाणं पक्कं आहे, पुढच्या खेपेला. पण काल रात्री जेवताना त्यांनी विचारलं ते इथे विचारते, कुणाला ठाऊक असेल तर सांगा: रांजण भरला की संध्याकाळी भरणा कुठे करायचे?